चोविसावी गोळी

हे लिहायचं मी बारा वर्षं टाळत आलो. टाळायला कारण नेहमी हाताशी असायचं. आधी मुलीचं लग्न व्हायचं होतं. मग माझी बायपास झाली. मग बायको आजारी पडली. ती गेल्यावर वर्षभर मला कुणी काही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही. आता माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. सिंगापूरला पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये एकटा राहतो, सकाळी समुद्रापर्यंत चालत जातो, परत येतो. कारणं संपली, आणि ज्याला सांगायचं होतं तो माणूसही गेला. म्हणून जे झालं ते झालं तसं लिहितो. यात माझी बाजू अशी काही नाही.

मी जहाजावर इंजिनिअर होतो, शेवटची वर्षं चीफ इंजिनिअर. पुढे इथेच किनाऱ्यावरची नोकरी मिळाली आणि आम्ही सिंगापूरला स्थायिक झालो. किनाऱ्यावर आलेल्या इंजिनिअरचं एक दुखणं असतं. हातांना काम राहत नाही. सगळं काम कागदावर आणि फोनवर. अशात एका सहकाऱ्याने मला शहराच्या पश्चिमेला असलेल्या एका शूटिंग क्लबात नेलं आणि माझ्या हातात एक जुनं ब्रिटिश सर्व्हिस रिव्हॉल्व्हर दिलं. चारशे पंचावन्न बोअरचं, माझ्या वडिलांहून जुनं. वरची कडी दाबली की ते मधोमध मोडायचं आणि सहाच्या सहा रिकाम्या पुंगळ्या एकदम वर यायच्या. मी गोळी झाडण्याआधीच ते दहा वेळा उघडून मिटलं. असं यंत्र मी पाहिलं नव्हतं. एकही भाग उगाच नाही, एकही भाग लपवलेला नाही.

आणि मग झाडलं. लहान बोअरची पिस्तुलं हाताला चटका देतात. याचा धक्का तसा नव्हता. तो मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात सावकाश यायचा, मोठं जहाज धक्क्याला टेकतं तेव्हा पायाखाली जाणवतं तसा. त्या दिवशी घरी जाताना इथल्या मेट्रोत, एमआरटीत, माझा हात हलकेच थरथरत होता आणि मी खूश होतो.

पुढच्या वीस वर्षांत मी तीन रिव्हॉल्व्हर घेतली, तिन्ही जुनी आणि मोठ्या बोअरची. एक हे चारशे पंचावन्न, एक अमेरिकन पद्धतीचं पंचेचाळीस, ज्यात एकेक काडतूस बाजूच्या झडपेतून भरावं लागतं, आणि एक चव्वेचाळीस, ज्याची मूठ कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी आपल्या हाताच्या मापाने घासली होती. परवाने काढायला काही वर्षं गेली. पण हा संग्रह मी कधी घरी आणला नाही. इथला कायदा तसा आहे. हत्यार क्लबच्या शस्त्रागारात राहतं. तुम्ही तिथे जायचं, सही करायची, झाडायचं, पुसायचं, परत द्यायचं. गोळ्याही तिथेच घ्यायच्या. जितक्या घेतल्या तितक्या पुंगळ्या परत. एक जिवंत गोळी कुणाच्या खिशात सापडली तर इथे ते हसण्यावारी नेत नाहीत. तुरुंगाचं प्रकरण असतं.

शस्त्रागार सांभाळणारा माणूस मलय होता, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी त्यांना अबांग म्हणायचो. मलय भाषेत थोरल्या भावाला अबांग म्हणतात. ते मला चीफ म्हणायचे. आमची भाषा म्हणजे त्यांचं इंग्रजी, माझं इंग्रजी आणि बंदरावर शिकलेलं माझं मोडकंतोडकं मलय. तेवढ्यात सगळं भागायचं.

रिव्हॉल्व्हरचं फिरतं सिलिंडर आणि नळी यांच्यात जी बारीक फट असते, ती मी फीलर गेजने मोजायचो. इंजिनाचे व्हॉल्व्ह लावताना वापरतात त्या पातळ पट्ट्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अबांग खिडकीतून वाकून हसले.

"चीफ, हे जहाजाचं इंजिन नाही लाह." वाक्याच्या शेवटी लाह लावायची इथली सवय.

"सहा सिलिंडरचंच आहे की, अबांग."

"सिलिंडर एकच आहे. खोल्या सहा आहेत. चीफ इंजिनिअर म्हणे!"

मग दोन महिन्यांनी त्यांनीच हळूच विचारलं, "त्या पट्ट्या एक दिवस ठेवून जाता का? बाकीच्यांचीही पाहतो."

त्यांचा एक अभिमान होता आणि तो ते लपवत नसत. एकतीस वर्षांत त्यांच्या खिडकीतून गेलेली एकही गोळी हरवली नव्हती. नवा सभासद आला की ते त्याला समोर उभं करून सांगायचे, "एकतीस वर्षं. हरवलेल्या किती? एकही नाही." पुढेपुढे तेवढं शेवटचं तोंडाने म्हणायचेही नाहीत, नुसती मूठ उघडून रिकामा तळवा दाखवायचे. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्याच्या अखेरीला ते निवृत्त होणार होते. तो रिकामा तळवा घेऊनच जायचं, एवढं एकच त्यांना हवं होतं.

मोजायला सोपं जावं म्हणून मी त्यांना सागाचा एक ठोकळा करून दिला होता. चार ओळी, ओळीत सहा भोकं, चारशे पंचावन्नची पुंगळी नेमकी बसेल अशी. मी एका वेळी चोवीसच गोळ्या घ्यायचो, चार वेळा सहा. झाडून झालं की पुंगळ्या त्या ठोकळ्यात उभ्या करायच्या. एक जरी कमी असली तरी नजरेला भोक दिसायचं. अबांगना तो ठोकळा इतका आवडला होता की ते त्याला तेल लावायचे.

आता खंडेनवमीकडे येतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात हे वाचणाऱ्याला सांगायला नको. आमच्या घरी पाटावर माझा मायक्रोमीटर, फीलर गेज, बोटीवरचा एक जुना पाना, बायकोची विळी आणि शिवणाची कात्री असायची. रिव्हॉल्व्हर घरी आणता येत नाहीत म्हणून बायको तिन्हींचा एक फोटो ठेवायची आणि त्यालाही हळदकुंकू वाहायची. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. वावगं वाटायला लावलं ते एका दसऱ्याच्या जेवणात.

वन-नॉर्थ या ऑफिसांच्या भागात नोकरी करणारा एक पुणेकर मित्र होता, माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान, आयटीतला मॅनेजर. त्याच्या कॉन्डोत आम्ही पाच-सहा मराठी घरं जमलो होतो. बायकोने सहज फोटोच्या पूजेची गोष्ट सांगितली.

"म्हणजे फोटोला कुंकू?" तो म्हणाला. "चीफसाहेब, हे शस्त्रपूजन नाही, हे झेरॉक्सपूजन झालं!"

"हसू नका हो," त्याची बायको म्हणाली. "निदान त्यांच्याकडे फोटो तरी आहे. तुम्ही लॅपटॉपला हार घालता."

"अगं पण लॅपटॉप घरात असतो! यांची बंदूक सासरी, फोटो माहेरी."

सगळे हसले. माझी बायकोही हसली. मीही हसलो, पण परत येताना एमआरटीत बोललो नाही.

"एवढं काय लागलं तुम्हाला?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"अहो, चेष्टा केली त्याने."

"कळतं मला चेष्टा."

साठी उलटलेला माणूस, आणि तेवढ्या चेष्टेने वर्षभर सलत राहिलो. वीस वर्षं ज्या गोष्टीवर जीव लावला ती माझी आहे हे मला घरच्या पाटावर दाखवता येत नव्हतं. आज लिहिताना ते कारण इतकं लहान दिसतं की लाज वाटते. पण कारण तेवढंच होतं.

पुढच्या वर्षीच्या खंडेनवमीला बुधवार होता. दुपारी क्लबात गेलो, चोवीस गोळ्या घेतल्या. अठरा झाडल्या. शेवटच्या वेळी सिलिंडरमध्ये पाचच भरल्या आणि सहावी पॅन्टच्या खिशात टाकली. अबांग एरवी मागे उभे असायचे, पण त्या दिवशी ते गोळीबाराची दोन ठाणी पलीकडे एका नव्या सभासदाला उभं कसं राहायचं ते दाखवत होते. मी पाच झाडल्या, रिव्हॉल्व्हर मोडून त्यांना लांबूनच रिकामं दाखवलं, आणि पुंगळ्या ठोकळ्यात न लावता थेट त्या बोअरच्या पुंगळ्यांच्या पिशवीत ओतून खिडकीशी गेलो.

"किती?" अबांगनी विचारलं. ते खिडकीत परतले होते, आणि तो नवा सभासद माझ्या मागून त्यांना काहीतरी विचारत होता.

"चोवीस."

त्यांचा हात ठोकळ्याकडे गेला. बोटं सागाला लागली. मग त्यांनी हात मागे घेतला, वहीत आकडा घातला, सही केली, आणि त्या नव्या माणसाला म्हणाले, "चीफ चोवीस म्हणतात म्हणजे चोवीस. तुमचे मात्र मी दोनदा मोजणार."

मी हसलो. या सगळ्यात मला सर्वांत जास्त टोचतं ते माझं तेव्हाचं हसणं.

घरी बायकोने गोळी हातात घेतली. जड होती, अंगठ्याएवढी, पितळी, पुढे करडं शिसं.

"ही इथे आणायला चालते?"

"शनिवारी परत नेऊन ठेवणार आहे. तीन दिवसांचा प्रश्न आहे."

"मी विचारलं, चालते का?"

"तू कुंकू लाव."

तिने लावलं. पाटावर मायक्रोमीटरच्या शेजारी गोळी उभी केली, झेंडूचं एक फूल समोर ठेवलं. मी मोबाइलवर फोटो काढला. त्या पुणेकराला पाठवायचा होता. मग पाठवायची भीती वाटली आणि पुसून टाकला. म्हणजे ज्याला दाखवायचं म्हणून हे सगळं केलं त्यालाही दाखवलं नाही.

माझा बेत सोपा होता. शनिवारी जायचं, पुन्हा चोवीस घ्यायच्या, त्यात ही मिसळून पंचवीस झाडायच्या, आणि पंचवीस पुंगळ्या चोवीस म्हणून पिशवीत ओतायच्या. पण क्लबात महिन्याची मोजणी असते. एरवी ती महिनाअखेरीला होते, त्या वेळी कुणाच्या तरी रजेमुळे गुरुवारीच झाली. चारशे पंचावन्नच्या पिशवीत एक पुंगळी कमी निघाली. त्या बोअरचं हत्यार क्लबात आम्ही दोघेच वापरायचो, आणि दुसरा सभासद दोन महिने परदेशात होता.

मला यातलं काही माहीत नव्हतं. शनिवारी सकाळी गोळी खिशात टाकून मी पासिर रिसहून निघालो. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. पूर्ण प्रवासभर हात खिशात. क्लबात पोचलो तर गोळीबार बंद होता. गोळ्या अडवणाऱ्या बांधाची माती चाळणीने चाळत होते. व्हरांड्याच्या टोकाला कमिटीचे सेक्रेटरी आणि दोन पोलिस बोलत उभे होते.

अबांग खिडकीतून बाहेर आले. इतक्या वर्षांत त्यांना मी खिडकीच्या या बाजूला क्वचितच पाहिलं असेल. त्यांनी मला थोडं बाजूला घेतलं.

"चीफ, बुधवारची एक कमी आहे."

"कमी कशी?"

"चुकून खिशात राहिली नाही ना? असं होतं. माणूस आहे, राहते." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "असली तर आत्ता माझ्या हातात द्या. खिडकीच्या खाली फटीत सापडली म्हणून सांगतो. विषय संपला."

त्यांनी हात पुढे केला. तळवा वर. तोच तळवा, जो ते नव्या सभासदांना दाखवायचे.

माझी बोटं गोळीवर होती. त्यांच्या हातात ठेवायला दोन सेकंद लागले असते. पण त्यांच्या खांद्यावरून मला ते दोन गणवेश दिसत होते. परमिटचं नूतनीकरण दोन महिन्यांवर आलं होतं. मनात आलं की कुणी पाहिलं तर, यांनीच उलटून नाव घेतलं तर, घर, पेन्शन, मुलगी, सगळं. ज्या माणसाने माझ्या शब्दावर सही केली होती त्याच्या शब्दावर मला दोन सेकंद विश्वास ठेवता आला नाही.

"नाही, अबांग," मी म्हणालो. "चोवीसच होत्या." आणि रिकामा हात खिशातून बाहेर काढला.

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याला आणि तर्जनीला कुंकू लागलं होतं. मग खिशातून कागदी रुमालाची पुडी काढली आणि एक रुमाल माझ्यापुढे धरला.

"हात पुसा, चीफ," ते म्हणाले. "आत जबाब घेताहेत."

मी हात पुसले आणि आत जाऊन सांगितलं की मी चोवीस गोळ्या झाडल्या आणि चोवीस पुंगळ्या परत दिल्या.

अबांगनी काय सांगितलं ते मला नंतर समजलं. म्हणाले, कारखान्याहून आलेल्या खोक्यातच एक कमी असणार, खोकं फोडताना मी मोजलं नाही, चीफना मी तेवीसच दिल्या आणि वहीत चोवीस लिहिल्या. चूक माझी. हे खोटं आहे असं कुणाला सिद्ध करता येईना आणि खरं आहे असंही. पोलिसांनी गुन्हा लावला नाही. क्लबने मात्र त्यांना दुसऱ्या आठवड्यात घरी पाठवलं. निरोप नाही, चहा नाही. व्हरांड्यातल्या बाकावर बसणारे काही लोक नंतर कितीतरी दिवस बोलत होते की म्हाताऱ्याचं लक्ष राहिलं नव्हतं, बरं झालं वेळीच कळलं. मी त्या बाकावर बसून ते ऐकलं आहे.

त्या शनिवारी घरी गेलो तेव्हा बायकोने दारातच विचारलं, "दिली का परत?"

मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"आत्ता परत जा आणि सांगा."

"तुला इथले कायदे माहीत नाहीत."

"मला अबांग माहीत आहेत."

तिला ते माहीत होते. दर दिवाळीला ती त्यांच्याकडे चकल्या आणि करंज्यांचा डबा पाठवायची. दर हरी रायाला, म्हणजे त्यांच्या ईदला, त्यांच्याकडून अननसाच्या वड्यांची बरणी यायची, आणि बरणीवर चिठ्ठी असायची की यात अंडं आहे, वहिनींना चालतं ना. मी गेलो नाही. सोमवारी सकाळी समुद्रावर गेलो आणि गोळी पाण्यात टाकली. आयुष्यभर ज्युनियर पोरांना मी दम देत आलो होतो की बोटीवरून समुद्रात काडेपेटीची काडीसुद्धा पडता कामा नये.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला पाटावर फक्त विळी आणि कात्री होती. माझा मायक्रोमीटर कपाटातच. मी विचारलं तर बायको म्हणाली, "तुमची हत्यारं तुम्ही मांडा." ती रागाने म्हणाली नाही. त्यानंतर ती असेपर्यंत दरवर्षी दोनच वस्तू असायच्या. मी कधी मांडली नाहीत.

रिव्हॉल्व्हरही मी ठेवली नाहीत. शस्त्रागारातला नवा माणूस प्रत्येकाच्या पुंगळ्या दोनदा मोजायचा, त्या सागाच्या ठोकळ्याच्या जागी आणलेल्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, आणि तो मोजत असताना मी दुसरीकडे बघायचो. सहा महिन्यांत मी परवाने सोडले आणि तिन्ही जमा केली. नियमाप्रमाणे ती कापून टाकली असतील. शंभर वर्षं कुणीकुणी जपलेली वस्तू माझ्यापाशी येऊन संपली.

अबांगना मी टाळलं मात्र नाही. टाळलं असतं तर कदाचित बरं झालं असतं. दर हरी रायाला मी क्वीन्सटाउनला त्यांच्या फ्लॅटवर जायचो. या सणाला मलय लोकांची एक रीत आहे. दोन्ही हातांनी समोरच्याचे हात धरायचे, मग आपले हात छातीला लावायचे आणि म्हणायचं, माआफ झाहिर दान बातिन. बाहेरून दिसलेल्या आणि आत राहिलेल्या सगळ्या चुकांची क्षमा असावी. धाकट्याने मोठ्याला म्हणायचं, मग मोठाही म्हणतो. मी दरवर्षी म्हणायचो आणि ते दरवर्षी म्हणायचे. घरी येऊन मी बायकोला सांगायचो की आज मी त्यांची माफी मागितली.

"कशाची?" ती विचारायची.

"सगळ्याची."

"सगळ्याची म्हणजे कशाचीच नाही."

एकदा मात्र मी खरंच सांगायला गेलो होतो. त्या शनिवारला तेव्हा चार वर्षं झाली असतील. अबांग तेव्हा घराजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, टेबलं पुसायचे आणि ट्रे उचलायचे. वय बहात्तर. मी कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन एका टेबलाशी बसलो. गर्दी ओसरल्यावर ते समोर येऊन बसले, खांद्यावर फडकं.

"चीफ, त्या जुन्याला तेल कोण लावतं आता?"

"मी जमा केली, अबांग. तिन्ही."

त्यांनी खांद्यावरचं फडकं हातात घेतलं. "तेही?"

"तेही."

"फट किती होती त्याची? सहा हजारांश इंच?"

"सहा. शेवटपर्यंत सहाच."

"चांगलं होतं," ते म्हणाले. मग टेबलावर रचलेल्या ट्रेंकडे बोट दाखवून हसले. "इथे बरं आहे. किती गेले, किती आले, कुणी विचारत नाही."

मी म्हणालो, "अबांग, त्या बुधवारी..."

एवढ्यात एका स्टॉलवरून कुणीतरी ओरडलं, "अंकल! टेबल बारा!" ते उठले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कोपी थंड होतेय, चीफ. प्या."

ते परत येईपर्यंत मी थांबू शकलो असतो. दहा मिनिटांचा प्रश्न होता. मी कोपी संपवली आणि उठलो. खोटं कशाला बोलू, त्या हाकेने माझी सुटका झाली असंच मला वाटलं होतं. स्टेशनपर्यंत मी भराभर चालत गेलो.

तीन वर्षांपूर्वी बायको गेली. जाण्याआधी आठवडाभर ती हॉस्पिटलमध्ये होती आणि फार बोलत नव्हती. एका दुपारी म्हणाली, "तुमच्यासाठी नाही तर माझ्यासाठी सांगा. कुंकू मी लावलं होतं."

तिच्या अंत्यसंस्काराला अबांग आले होते. काठी घेऊन, पांढरा शर्ट, डोक्यावर काळी मखमली टोपी. त्यांची मुलगी त्यांना हात धरून घेऊन आली होती. सगळं आटोपेपर्यंत ते मागे उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. निघताना माझे हात धरून म्हणाले, "वहिनी दरवर्षी चिठ्ठी लिहायच्या डब्यात. कुठल्या चकलीत तिखट जास्त आहे ते." मी मान हलवली. तिने त्याच दिवसासाठी सांगून ठेवलं होतं असं समजून मी तेव्हा बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "सावकाश जा, अबांग."

या वर्षी मी चार वाक्यं लिहून काढली, मलयमध्ये. बंदरावरच्या मलयवर भरवसा नव्हता म्हणून शेजारच्या बाईंकडून तपासून घेतली. त्यांना वाटलं मी कुठली तरी कथा लिहितोय. कागद घडी करून पाकिटात ठेवला. हरी रायाला तीन आठवडे होते. तोवर वाट बघायची नाही असंही ठरवलं होतं, रविवारी जायचं. मग रविवारी पाय दुखत होते. पुढच्या रविवारी जाऊ म्हटलं.

शुक्रवारी सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. "अंकल, अबाह गेले. पहाटे, झोपेत." अबाह म्हणजे बाबा. मी कपडे घालून निघालो. पासिर रिसहून क्वीन्सटाउन, गाडीत पाकीट हातात. त्यांच्यात दफनाला थांबत नाहीत हे मला माहीत असायला हवं होतं. मी पोचलो तेव्हा दाराबाहेर चपलांचा ढीग होता आणि घर बायकांनी भरलेलं होतं. पुरुष कबरस्तानाकडे निघून गेले होते.

मुलीने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. पन्नाशीची बाई, डोळे सुजलेले, तरी प्रत्येकाचं बघत होती. मग आतल्या खोलीत गेली आणि सागाचा तो ठोकळा घेऊन आली. चार ओळी, चोवीस भोकं, त्यात नातवंडांच्या रंगीत पेन्सिली. तिने पेन्सिली काढून टेबलावर ठेवल्या आणि ठोकळा माझ्या हातात दिला. लाकूड गुळगुळीत होतं, तेलाचा वास येत होता. बारा वर्षं ते त्याला तेल लावत होते.

"अबाह म्हणाले होते, हा चीफचा आहे, चीफना द्यायचा," ती म्हणाली. "क्लबमधून नंतर कुणीच आलं नाही, अंकल. तुम्ही एकटेच येत राहिलात. त्यांना फार बरं वाटायचं. थँक यू, अंकल."

इथे, या बाईसमोर, मी बोलायला हवं होतं. तिच्या बापाला लोकांनी विसराळू ठरवलं होतं आणि तो विसराळू नव्हता हे या जगात एकट्या मला माहीत होतं. खोलीत पंधरा बायका होत्या. कुणीतरी तिला आतून हाक मारत होतं.

"इट्स ओके," मी म्हणालो.

ठोकळा आता माझ्या टेबलावर आहे. हे लिहून झालं की याची इंग्रजी प्रत त्या मुलीला आणि क्लबच्या कमिटीला पाठवणार आहे. पोलिसांना ती हवी असेल तर त्यांनाही. काय करायचं ते त्यांनी करावं. मी कुठे जाणार नाही. पण ते सगळे दुसरे लोक. ज्यांच्यासाठी लिहिला होता तो कागद अजून पाकिटात आहे, आणि त्यावर मलयमध्ये जे आहे ते असं:

अबांग, त्या शनिवारी तुम्ही हात पुढे केलात तेव्हा गोळी माझ्या खिशात होती. तुमच्याकडून एकही हरवली नाही. चोरली मी, आणि तुम्हाला ते माहीत असूनही तुम्ही मला हात पुसायला रुमाल दिलात. मला क्षमा करा.